डाव्या हाताची नाडी

हृदय हा शरीराचा राजा आहे, असे मी भोरच्या शाळेत दरवर्षी गंभीर आवाजात सांगत असे. धडा थोडा पुढे गेला की हा राजा मुठीएवढा निघे. चार खोल्यांत राहणारा आणि जन्मभर पाणक्याचे काम करणारा. उजव्या बाजूने मळके रक्त फुप्फुसांकडे ढकलायचे, डाव्या बाजूने शुद्ध झालेले अंगभर पाठवायचे. नेतात त्या रोहिणी, परत आणतात त्या नीला. मुले पाठ करीत. मलाही पाठ होते.

एका श्रावणात वेल्ह्याकडच्या आमच्या गावाहून निरोप आला की बहिणीचे काही खरे नाही. लहानपणी तिला सांधे धरून ताप आला होता. तेव्हापासून धाप लागे, आणि धाप लागणारी सून सासरच्यांनी परत पाठवली होती. मी पोचलो तेव्हा वैद्यबुवा तिचा डावा हात धरून बसले होते. बायकांची नाडी डाव्या हातालाच पाहायची, असा नियम. त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "नाडी सुटली."

लगेच तिला भुईवर घेतले. तोंडात तुळशीपत्र घातले.

"भुई लई गार हाय," ती म्हणाली. "वर घ्या मला."

"गप पड, बाय," चुलती म्हणाली. "तुला कळत न्हाई."

देवी टोचायला आलेला डॉक्टर चावडीवर होता. वडील त्याला घेऊन आले. तो ज्या बाजूला बसला तिथे उजवा हात होता, म्हणून त्याने तो धरला. नाडी चालू होती. दोन्ही हातांच्या रोहिणी एकाच हृदयाकडून येतात, हे त्याआधी त्या घरात फक्त मला माहीत होते. मीही तो हात धरला नव्हता.

बहिणीला पुन्हा वर घेतले. डॉक्टर वडिलांना ओसरीवर घेऊन गेला.

"वरच्या खाचरातून खालच्यात पाणी जायला बांधाला तोंड ठेवता ना? तसं हृदयाच्या वरच्या आणि खालच्या खोलीत दार असतं. पोरीचं डावीकडचं दार आवळत गेलंय. रक्त वर तुंबतं, फुप्फुसात साचतं, म्हणून धाप. तुंबलेल्या रक्ताची गुठळी झाली, ती वाहत जाऊन डाव्या हाताच्या रोहिणीत अडकली."

"मंग तोंड मोठं करा की."

"चालत्या हृदयात हात घालता येत नाही, पाटील."

"आमी पानी चालू असतानाच खांदतो."

डॉक्टरने पेटी बंद केली. "तिला जपा," म्हणाला. दुसरे औषध त्याच्याकडे नव्हते, आणि त्या काळी कोणाकडेच नव्हते.

ती कार्तिकात गेली. दुपारची वेळ होती. भात कापणीला आले होते, त्यामुळे घरात कोणी नव्हते.