शालीच्या खोक्याचं झाकण

वाशीतल्या आमच्या फिल्म सोसायटीत आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ असे. चित्रपट उरलेल्या वेळेत बसवत. नव्वदीच्या मध्यावर शहर नवं होतं आणि ज्याला त्याला कशाचं तरी अध्यक्ष व्हायचं होतं. आमचे अध्यक्ष त्यात सर्वांच्या आधी पोचलेले.

सोसायटीची एकच गोष्ट मला आवडायची. आमच्या इमारतीतल्या, कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक बाई पडद्याशेजारी माइक घेऊन उभ्या राहत आणि संवाद मराठीत सांगत. घाऊक मार्केटमधले व्यापारी, त्यांच्या बायका, महाप्याच्या कारखान्यांतले सुपरवायझर, सगळे त्यांच्या आवाजावर परदेशी चित्रपट बघत. बाई आठवडाभर तयारी करत. घरी त्यांचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. महिन्यातून एकदा अख्खा हॉल ऐकायचा.

त्या महिन्यात हॉलिवूडची एक जुनी कॉमेडी मिळाली. तिकडे चित्रपट नुकते बोलू लागले होते आणि सेन्सॉर अजून डुलक्या घेत होता, तेव्हाची. नायिका टोप्यांच्या दुकानात विक्रेती. ती आधी मालकाला गुंडाळते, मग त्याच्या वडिलांना, मग बँकेच्या अध्यक्षांना. तिघेही प्रतिष्ठित, तिघेही तिच्यापुढे रांगतात. आणि शेवटी तिला काहीही शिक्षा होत नाही.

समितीने हा चित्रपट अध्यक्षांच्या फ्लॅटवर चिवडा खात तीनदा तपासला. मीही समितीत, पण त्यातल्या एकदाच हजर होतो. नायिका मांडीपर्यंतचे रेशमी मोजे चढवते तो प्रसंग त्यांनी रीळ मागे फिरवून पुन्हा बघितला. सेक्रेटरी घाम पुसत म्हणाले, "छायाप्रकाश काय वापरलाय!"

आक्षेप निघाला तो शेवटावर. अध्यक्षांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मॅडम, शेवटी मी प्रोजेक्टरच्या भिंगापुढे पुठ्ठा धरीन. तुम्ही सांगायचं, तिला पश्चात्ताप झाला आणि ती आईकडे परत गेली."

"तिला आई दाखवलेलीच नाही."

"मग मावशीकडे जाऊ दे. आपल्याकडे फॅमिल्या येतात."

"आणि मोज्यांचा प्रसंग?"

"तो कलात्मक आहे," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही जमलं तर सांगा," अध्यक्ष म्हणाले. "माइक धरायला माणसं पुष्कळ आहेत."

घरी परतल्यावर जिना चढताना बाई मला म्हणाल्या, "मुलींना शिकवते मी. त्याच हॉलमध्ये बसलेल्या असतील."

रविवारी प्रमुख पाहुणे म्हणून कांद्याचे एक मोठे व्यापारी आले. मूळचे साताऱ्याकडचे. अध्यक्षांनी त्यांना संस्कृतीचे आधारवड म्हटलं, तेव्हा त्यांनी मागे वळून बघितलं. शाल पांघरून झाली आणि नेहमीच्या पाहुण्यांसारखे निघून न जाता ते पत्नीसह पुढच्या रांगेत बसले.

मोज्यांचा प्रसंग बिनबोभाट पार पडला. हॉल खदाखदा हसत होता, बाईंचा आवाज रंगात आला होता. शेवट जवळ आला तसे अध्यक्ष उठले. पुठ्ठा विसरले होते, म्हणून शालीच्या खोक्याचं झाकण उचलून त्यांनी प्रोजेक्टरपुढे धरलं. पडदा काळा झाला. इंग्रजी संवाद मात्र चालूच. सगळे बाईंच्या बाजूला बघू लागले.

बाईंनी माइक तोंडाजवळ घेतला. मग म्हणाल्या, "मालक तिला विचारतोय, तुला पश्चात्ताप होत नाही? ती म्हणते, होईल की. पण आधी जेवून घेऊ."

हॉल हसायच्या आत माइक बंद पडला. सेक्रेटरींनी वायर ओढली होती.

"आता ती मोटारीत बसली," बाई अंधारात मोठ्याने म्हणाल्या. "तिघांनाही रस्त्यावर सोडून चाललीय. हसतेय."

पाहुण्यांच्या पत्नीने तितक्याच मोठ्याने विचारलं, "मंग तिला कायच झालं न्हाई?"

"नाही, काहीच नाही."

"आवो, ते झाकण काढा की! जाताना तरी बघू द्या तिला."

अध्यक्षांनी झाकण काढलं तेव्हा पडद्यावर नुसता धुरळा होता.

आभारप्रदर्शनात बाईंचं नाव आलं नाही. पुढच्या महिन्यापासून माइक सेक्रेटरींकडे गेला. त्यांच्या मराठीत सगळ्याच नायिका मावशीकडे जाऊ लागल्या आणि मार्केटची मंडळी यायची बंद झाली. बाई जिन्यात भेटल्या की आता फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलत.

पण मला अजून आठवतो तो त्या रविवारी रात्री आलेला अध्यक्षांचा फोन. रीळ परत पाठवायला अजून दोन दिवस होते.

"उद्या संध्याकाळी या माझ्याकडे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त समिती. लेडीज नाहीत, त्यामुळे झाकणाची भानगड नाही."

मी म्हटलं, मावशीकडे जायचंय.