आधी मत, मग अमेरिका

सुमे, आम्ही अमेरिकेला निघालो त्या दिवशी साताऱ्यात मतदान होतं. मुंबईला नेणारी जीप दारात उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि आईने मला नि तुझ्या भाऊजींना शाळेतल्या रांगेत नेऊन उभं केलं. "आधी मत, मग अमेरिका," म्हणाली. शाळा चार घरं सोडून, वीस मिनिटांत परत. विमानातून उतरलो तेव्हाही दोघांच्या बोटांवर शाई होती.

आता इथलं ऐक. ह्यांचं डायलिसिस मंगळवारी, आणि इथे मतदानही मंगळवारीच; डायलिसिसनंतर ह्यांना उभंही राहवत नाही. अशांना आधी मत देण्याची सोय आहे. पोस्टाने पाठवलं तर गेल्या वेळी थरथरत्या हाताची सही नोंदीतल्या जुन्या सहीशी जुळेना म्हणून बाद झालं. म्हणजे प्रत्यक्ष जायला हवं, आणि त्यासाठी अख्ख्या काउंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, केंद्र एकच, तेही तासभराच्या ड्राइव्हवर. आमच्या रस्त्याच्या टोकाला लायब्ररी आहे, तिचा हॉल दिवसभर रिकामा. तिथे दुसरं केंद्र द्या म्हणून मी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या, काउंटीच्या मीटिंगमध्ये उभी राहून बोलले. उत्तर आलं, सध्या गरज दिसत नाही. मी ते पत्र फाडलं, आणि मग चिकटपट्टीने जोडून ठेवलं. परत लागेल.

शेवटी ह्यांना घेऊन गेलेच. वाटेतले दोन पूल ह्यांनीच इथे इंजिनिअर असताना बांधलेले. केंद्रावरची रांग इमारतीला वळसा घालून पार्किंगपर्यंत आलेली. दीड तासाने ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "चल घरी," म्हणाले. दार समोर दिसत असताना परत फिरलो.

मंगळवारी ह्यांना डायलिसिसला सोडलं आणि एकटी जाऊन माझं मत देऊन आले. लेक फोनवर म्हणाली, "इट्स वन व्होट, आई. लेट इट गो." ह्यांच्याकडे तेवढं एकच होतं, हे तिला कसं सांगू?

तू नेहमी विचारतेस, तुझं घर नक्की कुठलं ग? हेच. परक्याच्या दारात माणूस इतकं चिडत नाही.

परवा तुझा शाईच्या बोटाचा फोटो आला, तो ह्यांना दाखवला. हल्ली ह्यांच्या फारसं लक्षात राहत नाही. फोटो बघून स्वतःच्या डाव्या हाताचं बोट पुढे करून म्हणाले, "आपलं झालं ना ग मतदान?"

मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी बोट हळूच पांघरुणात घेतलं.