कागदी कपातलं पाणी

"ही कोण?" गाळ्याच्या मालकाने मला विचारलं.

"कामाला हाय," मी म्हणालो.

ती माझी आई होती.

चार पावलांवर उभी होती. तिने ऐकलं. मान वर केली नाही, फरशीकडे बघत राहिली.

मालकाच्या हातात सोनेरी काठाचा कप होता. माझ्या हातात त्याच सेटमधला दुसरा. गाळ्यामागेच त्याचं घर, चहा तिथूनच आलेला. त्याने आईला विचारलं, "कुठली गं तू?" तिने गाव सांगितलं. आणि कुणी न विचारता पुढे म्हणाली, "भीमनगरातली."

मालक घराकडे तोंड करून ओरडला, "अगं, एक कागदी कप दे भाईर. हिला पानी पायजे."

पाणी तिनेच मागितलं होतं, पण तहान लागली म्हणून नाही. आईची एक रीत आहे. नवी जागा बघायला गेली की ती फरशीवर थोडं पाणी ओतते आणि ते कुठे जातं ते बघते. जन्मभर दुसऱ्याच्या दारची भांडी घासली तिने. पाणी तुंबलं की घासणारीचे पाय कुजतात, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही.

कागदी कप आला. मालकाच्या बायकोने तो आईच्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला. आईने वाकून उचलला. गाळ्याच्या मधोमध आली आणि ओतला. पाणी हळूहळू मागच्या मोरीकडे निघालं.

"उतार बराबर हाय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"ए बाई! आता ही फरशी धुवाया लावतीस का मला?" मालक खेकसला. मग माझ्याकडे वळून हसला. "ह्यास्नी जरा धाकात ठिवावं लागतं, पाव्हणं. न्हाईतर डोक्यावर बसत्यात."

मी हसलो.

ते हसू कुणी मागितलं नव्हतं. मी आपणहून दिलं.

हे शेवगावातलं, पैठण रस्त्याचं. गेल्या वर्षीचं. माझं ते पहिलं वाक्य वस्तीत कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहितो.

मी बरीच वर्षं रत्नागिरीला हॉटेलात कामाला होतो. तिथेच स्वतःचं काहीतरी टाकावं म्हणून गाळे बघत हिंडलो. बंदराकडचा बघितला, बाजारपेठेतला बघितला. डिपॉझिटचा आकडा ऐकायचा आणि पायऱ्या उतरायच्या. मग गावी परत आलो. आईच्या हातचे हुलग्याचे शेंगोळे आणि ज्वारीची भाकरी, एवढ्यावर दुकान चालेल अशी माझी खात्री. आई म्हणाली, "मी करते. पर जागा मला दाखवायची." म्हणून ती बरोबर.

एक गाळा बसस्टँडच्या मागे होता. भिंतीला ओल, शेजारी मुतारी. दुसरा मार्केट यार्डाजवळ. त्याचं शटर अर्ध्यावर अडकायचं, आणि लिलाव नसला की तिकडे माणूस फिरकत नाही. तिसरा हा. कोपऱ्यावरचा, नळ आत, मोरी मागे, पुढे चार गाड्या लागतील एवढी जागा. भाडं मला झेपेल असं.

झेपेल असं का, तेही सांगतो. आमचं आडनाव चारपाच जातींत सापडतं. फोनवर आडनाव ऐकून मालकाने विचारलं होतं, "पाव्हणं कुठलं तुमचं?" आमच्याकडे जात अशी विचारतात. सोयरे कुठले ते सांगितलं की पुढचं आपोआप कळतं. मी शाळेतल्या एका मित्राच्या मामाचं गाव सांगितलं. मालक खूश. "मग तर आपलंच की हो तुमी!" भाडं तिथल्या तिथे उतरलं.

एकदा आपला झालो. मग आईला कामवाली करावं लागलं.

परतताना वडापच्या जीपमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. मागे, भाजीच्या पाट्यांपाशी बसली. वस्तीच्या फाट्यावर उतरलो. तिने पदर नीट केला आणि माझ्यापुढे हात पसरला.

"मालक, आजचा रोज कवा देता?"

थट्टा नव्हती. दिवसभराची मजुरी मागावी तशी मागितली. हात बराच वेळ तसाच ठेवला. मग घराकडे चालू लागली.

तरी मी शुक्रवारी करारनाम्याला गेलो. हे लिहायलाच हवं. आईचा हात डोळ्यापुढे होता, तरी गेलो. गाळा हवा होता मला.

आत फिनेलचा वास होता. सगळी फरशी धुतली नव्हती. जिथून पाणी गेलं तेवढीच. धुळीच्या गाळ्यात मधोमधपासून मोरीपर्यंत एक पांढरा पट्टा. टेबलावर स्टँपपेपर, माझ्यासाठी पाण्याचा तांब्या, तोच सोनेरी काठाचा कप. चहा प्यालो.

"एक करा, पाव्हणं," मालक म्हणाला, "तेवढी बाई बदला. खायाचं दुकान हाय. गिऱ्हाईक इचारतं, हात कुणाचा. आपल्यातली बघा एखादी."

मी त्या पट्ट्याकडे बघत होतो.

"ती माझी आई हाय."

तो हसला. "काय चेष्टा करता राव!"

"आई हाय. मीबी भीमनगरातलाच."

हसू गेलं. त्याबरोबर 'तुमी'पण गेलं.

"मग आधी सांगाया काय झाल्तं रे? घरातल्या कपात च्या पिलास तू माझ्या."

"दोनदा पिलो."

"आन् पाव्हणं सांगितलंस ते?"

"खोटं."

"ही फसवणूक हाय!"

हे त्याचं खरं होतं. पण फसवलं कुणाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

मी तांब्या उचलला आणि सगळा फरशीवर ओतला. पट्टा सोडून, बाकीच्या धुळीवर.

"आता समदी धुवा," म्हणालो आणि बाहेर पडलो.

शूर वगैरे काही वाटलं नाही. आईसाठी जे वाक्य लागत होतं ते चार दिवस उशिरा बोललो होतो, आणि तेही ती नसताना.

घरी आई हुलगे निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिने सूप खाली ठेवलं नाही.

"त्याला सांगितलंस. बरं केलंस, मालक."

वस्तीतली पोरं म्हणतात, केस कर. करणार आहे. पण ठाण्यात पहिलं वाक्य माझं लिहून घ्यायला लावणार. "कामाला हाय." ते गाळलं तर बाकीचं सगळं सोयीचं होतं.

गाळा अजून मिळालेला नाही. आता मी आडनाव आधी सांगत नाही, वस्ती सांगतो. मग म्हणतो, ही माझी आई, रांधणार ही आणि पुढे गल्ल्यावर बसणारही हीच. मग भाडं विचारतो. मार्केट यार्डवाल्याने भावाला विचारून सांगतो म्हटलं, त्याला भाऊ नाही. बसस्टँडमागचा गाळा म्हणे कालच गेला. मुतारीशेजारचा, वर्षभर कुणी न घेतलेला.

आई येते बरोबर. पाण्याचा तांब्या आता ती घरूनच भरून आणते. आत शिरते, ओतते, उतार बघते. मालक आधी फरशीकडे बघतो, मग माझ्याकडे.

मी मान खाली घालत नाही. शेवगावात नाही मिळाला तर राहात्याला जाऊ, काष्टीला जाऊ. प्रत्येक दारात ती पाणी ओतणार, आणि ती कोण ते मी मोठ्याने सांगणार. ज्याला धुवायचं असेल त्याने आमच्यादेखत धुवावं.