दोन पायांचं की चार

थेल्माने सापळ्याची कमान ओढून धरली आणि तशीच थांबली.

मघाशी किनाऱ्यावरच्या कुजक्या शेवाळातून काहीतरी तपकिरी, मुठीएवढं, दगडाखाली सुर्रकन गेलं होतं. उंदीर असेल तर दोन हिवाळ्यांपूर्वी बेटभर टाकलेलं विष फुकट गेलं. पुन्हा टाकायचं म्हणजे पुन्हा बदकं मरायची. आणि रॉक रेन असेल, तर तो पक्षी उंदरांपायी तिच्या जन्माआधीच इथून नाहीसा झालेला. आता कुठे परतला असेल आणि सापळ्यात तोच सापडायचा. तोही म्हणे उंदरासारखाच दगडांमधून पळतो.

थेल्मा बासष्ट वर्षांची. या फॉकलंडच्या बेटावरच जन्मली, मेंढ्या कातरत म्हातारी झाली. लहानपणी पीटच्या, म्हणजे जळाऊ मातीच्या पेटीत हात घातला की आधी उंदीर हाताला लागायचा, मग जळण. आईने पाव टिनाच्या डब्यात ठेवला, थेल्माच्या लग्नाचा झगा मात्र कपाटात. उंदरांनी त्याची बाही खाल्ली. थेल्मा शाल पांघरून बोहल्यावर चढली. उंदीर मेले तेव्हा ती नाचली होती. नंतर मात्र घर इतकं गप्प झालं, की आपल्याला कमी ऐकू येतंय असं तिला वाटायला लागलं.

तिने सापळा वाळूत टेकवला. उंदरांचे दात उमटावेत म्हणून शेजारी ठेवलेल्या मेणाच्या तुकड्यावर दोन ओरखडे होते. दात? की जॉनी रूकची चोच? तो चोरटा ससाणा गेल्याच आठवड्यात तिची टोपी घेऊन उडाला होता.

रेडिओ खरखरला. राजधानी स्टॅन्लीहून भाऊ अर्न; बेटावरच्या उंदरांची नोंद तो ठेवायचा.

"थेल्मे, वहीत काय लिहू? उंदीर की नाही?"

"काहीतरी पळालं."

"अगं, मेंढी तर नव्हती ना?"

"चेष्टा पुरे. जन्मभर मी उंदीरच बघितले, तो पक्षी एकदाही नाही. मग मला जे दिसेल ते उंदीरच दिसणार ना?"



"मग?"

"आज रकाना रिकामा ठेव. मी इथेच बसते."

"आणि सापळा?"

तिने काडीने कमान पाडली. फटकन आवाज झाला. त्या आवाजाने तपकिरी काहीतरी एका दगडाखालून निघालं, दुसऱ्याखाली शिरलं. थेल्मा एकटक बघत होती. तरी पाय मोजायचे राहूनच गेले.