नातीची अनवाणी भेट

परवा नव्या जालन्यात चपलांच्या दुकानात रबराचा वास आला अन् ती दुपार आठवली. लेक नवऱ्यापासून वेगळी झाल्ती. कोर्टानं पाच वर्षांची नात लेकीकडं ठेवली अन् बापाला रविवारी बागेत दोन तास भेट दिली. मला धास्ती, बागेपासून स्टेशन जवळच, हा पोरीला घेऊन गाडीत बसला तर? म्हणून मी तिला मुद्दाम अनवाणी बागेत नेलं. बिनचपलेची पोर घेऊन कुठवर पळंल? "मामी, हिची चप्पल?" जावयानं विचारलं. "घाईत राह्यली," मी म्हणले. फरशी तापल्ती. त्यानं पोरीला कडेवर घेतलं अन् दोन तास तिथंच फिरला. मी नजर हटवली न्हाई. पोर परत देताना घामानं भिजलेला तो म्हणला, "पुढच्या रविवारीबी विसरा, मामी. तेवढीच कडेवर ऱ्हाती." टोमणा होता का खरंच विनवणी, मला आजबी उमगलं न्हाई.