आमचं हॅकेथॉन आणि ‘उघडं आहे का?’

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये केचपच्या पुड्या साचतात ना, तसे किस्से साचतात. कोणी मुद्दाम ठेवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमच्या मरोळच्या ऑफिसात गेल्या काही महिन्यांत इतके साचले, की ड्रॉवर बंद होईना. बहुतेक किश्श्यांतला गाढव मीच आहे, त्यामुळे सांगायला कोणाची परवानगी लागत नाही.

झालं असं, की उपनगरातल्या ऑफिसांसाठी एक ओपन डेटा हॅकेथॉन जाहीर झालं. म्हणजे सरकारने सगळ्यांसाठी खुली ठेवलेली माहिती घ्यायची आणि तिच्यातून लोकांच्या उपयोगाचं काहीतरी बनवून दाखवायचं. आमच्या ऑफिसातून हर्षाली आणि मिहीर तयार झाले. हर्षाली वेसाव्याच्या कोळीवाड्यातली, नकाशांचं प्रोग्रॅमिंग करते. मिहीर मुलुंडचा गुजराती, अॅप बनवतो आणि आमच्याहून शुद्ध मराठी शिव्या देतो. दोघंही पंचविशीतले. नियम असा होता, की टीममध्ये एक सीनियर हवा. ऑफिसात रिकामा दिसणारा सीनियर एकच, मी परब!

रजिस्ट्रेशनमध्ये विचारलं होतं, ‘तुम्हाला येणारी टूल्स आणि स्किल्स लिहा.’ हर्षालीने भराभर लिहिलं. मिहीरने त्याहून जास्त लिहिलं. मी बराच विचार करून लिहिलं, ‘नेतृत्व.’

मिहीर स्क्रीनकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “काका, टूल्स विचारलीयत. शाखाप्रमुखाची पोस्ट नाहीये.”

नेतृत्वापेक्षा मला ‘काका’ जास्त लागलं.

*

विषय ठरवायला बसलो. मिहीर म्हणाला, खड्डे. मी म्हणालो, पार्किंग. कारण त्या दिवशी सकाळीच माझ्या स्कूटरला टोइंगवाल्यांनी नेलं होतं आणि माझी समाजसेवा नेहमी अशाच वेळी जागी होते.

हर्षालीने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, “माझी आई इथल्याच बाजारात मासे विकते. मी तिला रोज पाण्याची बाटली भरून देते. रोज ती बाटली तशीच परत येते.”

“का? तहान लागत नाही?”

“लागते ना! पण पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि जायचं कुठे? एक असतं बंद, एकाची चावी सापडत नाही, एकाला कडी नाही. म्हणून घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत एक घोट नाही. वर्षानुवर्षं. आता किडनी स्टोन झालाय. डॉक्टर म्हणतात पाणी प्या, आई म्हणते हो.”

आम्ही दोघं पुरुष एकदम टेबलाकडे बघायला लागलो. माझ्या टेबलावर पाण्याची बाटली होती, अर्धी संपलेली. या गोष्टीचा मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता, आणि त्याची मला तिथल्या तिथे लाज वाटली.

“मला बक्षीस नको,” हर्षाली म्हणाली. “आईने बाजारात बसून एक बाटली संपवली पाहिजे. बस्स!”

अॅपचं नावही तेव्हाच ठरलं. ‘उघडं आहे का?’ नकाशावर हिरवा ठिपका म्हणजे उघडं, लाल म्हणजे कुलूप, आणि पिवळा म्हणजे आहे, पण चावी शोधा!

*

सार्वजनिक शौचालयांची यादी खुल्या डेटात मिळाली. हर्षालीने ती मला पाठवली आणि म्हणाली, “काका, जरा साफ करून द्या.”

आता एक्सेल हा माझा प्रांत! सगळा शनिवार बसलो. मथळा मोठ्या अक्षरात, मधोमध. प्रत्येक वॉर्डाला वेगळा रंग. ‘अंधेरी’ खाली खाली किती वेळा लिहायचं, म्हणून ते सगळे चौकोन जोडून एकच उभा ऐसपैस चौकोन केला आणि त्यात एकदाच ‘अंधेरी’. चारी बाजूंनी दुहेरी बॉर्डर. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, “पत्रिका छान झालीय. कोणाचं लग्न?”

सोमवारी हर्षालीने ती फाइल प्रोग्रॅममध्ये घातली. प्रोग्रॅमला अख्ख्या अंधेरीत एकच शौचालय सापडलं. बाकीच्यांना पत्ताच नव्हता, कारण तो मी सौंदर्यासाठी पुसला होता!

“काका,” ती अत्यंत शांतपणे म्हणाली, “साफ करा म्हणजे सजवा नाही.”

*

चूक सुधारायची म्हणून मी पुन्हा फाइल मागून घेतली. ते दोघं देत नव्हते, मी सीनियर असल्याची आठवण करून दिली.

या वेळी रंगाला हात लावला नाही. फक्त एक गोष्ट डोळ्यांत खुपली. प्रत्येक जागेचे दोन आकडे होते, एकोणीस पॉइंट काहीतरी आणि बहात्तर पॉइंट काहीतरी. लहान आकडा आधी, मोठा नंतर. आमच्या घरात मोठ्यांचा मान आधी. मी दोन्ही रकाने अदलाबदल करून टाकले आणि समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी नकाशा उघडला, तर मुंबई रिकामी! हर्षालीने नकाशा लहान केला, अजून लहान केला, भारत गेला, युरोप आला, आणि पार वर, नॉर्वेच्याही वरच्या बर्फाळ समुद्रात आमचे सगळे ठिपके सापडले. साकीनाका, घाटकोपर, बोरिवली पूर्व, सगळी मंडळी तिथे गारठत होती. अक्षांश-रेखांश उलटे केले की असं होतं, हे मला तेव्हा कळलं.

शेवटी मिहीर म्हणाला, “चला, तिथे पाणी तरी असेल!”

त्या दिवसापासून फाइलला पासवर्ड लागला. तो मला आजतागायत माहीत नाही.

*

मग मला फील्ड वर्कला पाठवलं. म्हणजे प्रत्यक्ष जाऊन बघायचं, कुठलं शौचालय उघडं आहे आणि कुठलं बंद. यात बिघडवण्यासारखं काही नाही, असं दोघांचं मत होतं. दोघं अजून लहान आहेत.

साकीनाक्याला पोचलो. पुरुषांचं उघडं होतं, टिक केलं. आता बायकांचं. आत कसं जाणार? म्हणून समोर उभा राहिलो, मोबाईल हातात धरून, दरवाज्यावर नजर ठेवून. कोणी आत गेलं की टिपायचं, कोणी बाहेर आलं की टिपायचं. एक फोटोही काढला, नुसत्या दरवाज्याचा.

एक बाई बाहेर आल्या. त्यांनी मला बघितलं, मोबाईल बघितला आणि चप्पल काढली.

“काय रे ए! काय करतोस इथे?”

मी घाबरून खरं तेच सांगितलं, “बाई, मी डेटा घेतोय!”

त्यानंतर जे झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोरच्या वर्कशॉपमधले दोघं-तिघं आले आणि नशिबाने त्यातल्या एकाला अॅपची कल्पना आवडली. तो म्हणाला, “आयडिया झकास आहे, फक्त तुम्ही करू नका.”

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन गेलो. ती मूळची मालवणची, कुठेही गेली तरी तिथल्या माणसांची होऊन परत येते. मी रस्त्यापलीकडे उभा राहिलो, पाठ करून. बऱ्याच वेळाने ती आली आणि रिपोर्ट दिला, “कडी नाय. नळ आसा, पण पाणी नाय. आणि आत साफ करूक येता त्या बाईचो जावय दुबयक आसा.”

“हे शेवटचं कुठल्या रकान्यात भरू?”

“तां तुमी बघा. नेतृत्व तुमचा!”

माझ्या तक्त्यात ‘टाइल्सचा रंग’ असा रकाना होता, ‘कडी आहे का’ असा नव्हता. तो बायकोने घालायला लावला. तिने अंधेरी ते घाटकोपर सगळे ठिपके फिरून भरले, आणि खरं सांगायचं तर आमच्या टीमची चौथी मेंबर तीच.

*

अॅप तयार झालं. हर्षालीने ते आईच्या मोबाईलवर टाकलं आणि आम्ही तिघं बाजारात गेलो. मावशींनी, म्हणजे हर्षालीच्या आईने, मोबाईल लांब धरून बघितला. जवळच एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

“हिरवं हाय. बरं हाय,” मावशी म्हणाल्या. “पन मी गेली तं माझी पाटी कोन बगल?”

हा प्रश्न आमच्या तिघांच्या डोक्यात आलाच नव्हता! हर्षालीला तेवढ्यात ऑफिसातून फोन आला. मिहीर पडला जैन, तो आधीच नाकाला रुमाल लावून फुलवाल्याच्या दुकानात उभा होता. उरलो मी.

“मी बसतो की,” मी म्हणालो. “आम्ही कोकणातले. माझे वडील गिरणीतून सुटले की मासे घेऊनच घरी यायचे. मला मासळी कळते.”

मावशी नाइलाजाने उठल्या. मी पाटीमागे बसलो. लगेच एक गिऱ्हाईक आलं, चांगली मोठी पिशवी घेऊन. “पापलेट ताजं आहे ना हो?”

आता मी जन्मभर पाटीच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेला माणूस. सवयीने एक पापलेट उचललं, कल्ला वर केला, चष्मा ऑफिसात राहिला होता म्हणून डोळे बारीक केले आणि म्हणालो, “कालचं वाटतं.”

गिऱ्हाईक गेलं. मागे वळून बघतो, तर मावशी अर्ध्या रस्त्यातूनच परत आलेल्या! ते पापलेट पहाटेचं होतं, कल्ला लालभडक होता.

“हर्षाली!” मावशी ओरडल्या, “याला उठव आदी!”

मी उठलो, मावशी बसल्या, त्या पुन्हा काही गेल्या नाहीत. बाटली त्याही दिवशी तशीच घरी गेली. माझं हसं झालं त्याचं काही नाही, ते रोजचंच आहे. पण हर्षाली परत येताना मोबाईलवर तो हिरवा ठिपका पुन्हा पुन्हा उघडून बघत होती, ते मला जड गेलं.

*

परीक्षकांसमोर अॅपच्या मांडणीला तीन मिनिटं होती. सीनियर म्हणून सुरुवात मी करायची ठरली, म्हणून ऑफिसातच रंगीत तालीम घेतली. मी आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा कायमचा सूत्रसंचालक. माइक हातात आला की आपोआप सुरू होतो. मान्यवर, उपस्थित बंधू-भगिनी, आयोजक, प्रायोजक, आणि ज्यांच्यामुळे हा योग जुळून आला ते...

टिंग! मिहीरने घड्याळ बंद केलं.

“काका, तीन मिनिटं संपली. अजून दीपप्रज्वलन बाकी आहे!”

त्यामुळे मांडणी हर्षालीकडे गेली आणि मला एक जबाबदारीचं काम मिळालं. लॅपटॉपचा चार्जर धरायचा.

*

हॅकेथॉन पार्ल्याच्या एका कॉलेजात होतं. मिहीर म्हणाला, युजर सोबत हवा, म्हणून मावशींनाही आणलं. त्यांनी खास ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, केसात अबोली. तिथे स्वागताला चहा होता, पाणी होतं. मावशींनी दोन्हीला हात जोडले, “मना नको.” हर्षालीने आग्रह केला नाही. ती गुपचूप उठली, कॉरिडॉरमध्ये जाऊन आली आणि म्हणाली, “लेडीजला कुलूप आहे. सुट्टी आहे ना आज. चावी कोणाकडे, कोणालाच माहीत नाही.” मग खाली बसून तिने लॅपटॉपवर एक ठिपका वाढवला.

आमचा नंबर दुपारनंतर आला. समोर तीन परीक्षक, दोन सर आणि मधोमध एक मॅडम. कुठल्याशा खात्यातल्या मोठ्या अधिकारी असाव्यात, कारण सकाळपासून त्या कोणाकडेही बघून हसल्या नव्हत्या. हर्षाली छान बोलली. नकाशा दाखवला, रंग दाखवले, कडीचा रकानाही दाखवला. ठिपके या वेळी मुंबईतच होते.

मग डावीकडच्या सरांनी पाण्याचा शेवटचा घोट घेतला, रिकामी बाटली बाजूला ठेवली आणि विचारलं, “युजर किती आहेत तुमचे?”

“सध्या एक,” हर्षाली म्हणाली. “माझी आई.”

हॉलमध्ये हशा पिकला. उजवीकडचे सरही हसले. “एका माणसावरून ही अडचण सगळ्यांची आहे, असं कसं म्हणता येईल? सॅम्पल साइज नको का?”

हर्षाली मागे वळून आमच्याकडे बघू लागली. मिहीर खाली बघू लागला. माझ्या हातात चार्जर होता आणि डोक्यात फक्त मान्यवर, उपस्थित बंधू-भगिनी.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, बाजारात चार पाट्यांपलीकडे पोचेल असा.

“दोन लिवा!”

सगळ्यांनी वळून बघितलं. मावशी उभ्या होत्या.

“त्या मधल्या बाईंची बाटली बगा. सकालपासून सील हाय. या दोगांनी आपली कवाच संपवली!”

दोन्ही सरांनी आपापल्या रिकाम्या बाटल्यांकडे बघितलं, मग मधल्या बाटलीकडे. मॅडमनी कोणाकडेच बघितलं नाही. त्यांनी टेबलावरचा माइक हळूच स्वतःकडे ओढला.

“हर्षाली,” त्या म्हणाल्या, “या इमारतीतलं कुठल्या रंगाचं दाखवतंय?”