मोतीशेठचा हात

आमच्या पिस्तूल क्लबात ट्रॉफ्या ठेवायला एक काचेचं कपाट आहे. सध्या त्यात चहाचे कप ठेवतो. ट्रॉफीची वाट बघता बघता किस्सेच इतके साठलेत की नवा मेंबर आला की छर्रे राहतात बाजूला, आधी तासभर हेच चालतं. परवा एकजण म्हणाला, "डॉक्टर, लिहून काढा की हे सगळं!" म्हटलं, काढते. माझ्या अब्रूचं जे व्हायचं ते होवो!

मी जळगावात दातांची डॉक्टर. आणि क्लब म्हणजे शहराबाहेरचं केळी पिकवायचं एक बंद पडलेलं चेंबर. सावद्याच्या एका केळीवाल्याने आम्हाला वापरायला दिलंय. दहा मीटरवर टार्गेट लावता येतं एवढी लांबी आहे आणि भिंती इतक्या जाड की मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असलं तरी आत गार. त्यामुळे आमचे मेंबर एप्रिलमध्ये दुप्पट होतात आणि जूनमध्ये गायब! एकाने तर अख्खा उन्हाळा आमच्या खुर्चीवर झोपून काढला. पिस्तुलाला बोट लावलं नाही. जाताना मला म्हणाला, "मॅडम, खेळ एक नंबर आहे!"

*

क्लबचे खरे मालक म्हणाल तर मोतीशेठ. स्टीलच्या भांड्यांचं दुकान, वय साठीच्या पुढे, आणि घरात नऊ इम्पोर्टेड एअर पिस्तुलं. जर्मन, इटालियन, ऑस्ट्रियन, एक स्विस. प्रत्येकाची मखमली पेटी वेगळी. चांदीची ताटं खालच्या खणात गेली आणि पिस्तुलं वरच्या!

मी एकदा विचारलंच, "शेठ, तुम्ही पक्के जैन. मुंगी दिसली तरी पाय वर उचलता. आणि नऊ नऊ पिस्तुलं?"

"डॉक्टर, मी कागद मारतो," शेठ शांतपणे म्हणाले. "कागदाला जीव नसतो."

पण शेठचा खरा जीव पिस्तुलापेक्षा ग्रिपमध्ये. ग्रिप म्हणजे मूठ, अक्रोडाच्या लाकडाची. स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ एकाच माणसाच्या हाताच्या मापाने कोरलेली असते. प्रत्येक बोटाला वेगळी खाच, तळव्याला वेगळा उंचवटा. शेठ जुनी पिस्तुलं मागवायचे, त्यामुळे प्रत्येकावर कुठल्या तरी परदेशी माणसाचा हात कोरलेला यायचा. नेम चुकला की शेठ म्हणायचे, "माझं काही नाही, हा जर्मन हलला!"

*

एकदा शेठनी फोटो बघून एक इटालियन पिस्तूल मागवलं. चार महिने वाट पाहिली. पेटी उघडली, हातात घेतलं, तर अंगठा कुठेच बसेना. पंधरा मिनिटं खटपट केल्यावर उजेड पडला की पिस्तूल डावखुऱ्याचं आहे!

दुसरा कुणी असता तर परत पाठवलं असतं. शेठनी ते दुकानात काउंटरवर ठेवलं आणि डावखुरा शोधायला लागले. गिऱ्हाईक डाव्या हाताने पातेलं उचलतंय असं दिसलं की शेठ पातेलं बाजूला सारून पिस्तूल पुढे करायचे. "ताई, जरा हे धरून बघा ना!"

दोन बायका ओरडत दुकानाबाहेर पळाल्या. तिसरीने पोलिसांना फोन केला.

*

पोलीस आले. फौजदार सपकाळेसाहेब. सहा फूट उंच, एकेकाळचे कबड्डीपटू, पंजा म्हणजे परातच! दुकानासमोर ही गर्दी. शेठनी घाईघाईने सगळी कागदपत्रं काढली, छर्र्याच्या पिस्तुलाला लायसन्स कसं लागत नाही ते समजावलं. साहेबांनी दोन ठिकाणी फोन करून खात्री केली. मग गर्दी हाकलली, शटर अर्धं खाली ओढलं आणि हळूच म्हणाले, "शेठ, जरा हातात घेऊ?"

डावखुरे नसूनही दोन तास घेतलं. पुढच्या रविवारी साहेब नवे कोरे बूट घालून क्लबात हजर. "जय भीम डॉक्टर, फॉर्म कुठे भरायचा?"

*

आता खरं दुखणं सांगते. शेठना आयुष्यात एकदा राज्य स्पर्धेला जायचं होतं. बस्स. मेडल नको, फोटो नको, नुसतं पात्र व्हायचं. त्यासाठी धुळ्याच्या स्पर्धेत साठ शॉटमध्ये ठरलेला स्कोअर लागतो. पाच वर्षं दर वेळी थोडक्यात हुकायचे.

गेल्या वर्षी तर हद्द झाली! एकोणसाठ शॉट झाले, हाताशी भरपूर वेळ, आणि लागतात फक्त चार पॉइंट. कागदाच्या कडेला लागलं तरी चालणार होतं. शेठनी पिस्तूल उचललं आणि तसंच खाली ठेवलं. परत उचललं, परत खाली. मी मागे बसून नखं खातेय. पंच जवळ गेले. "शेठ, शॉट घ्या की!"

"कसा घेऊ?" शेठ म्हणाले. "पाहुणा बसलाय. कडेला नेम धरला आणि हात हलला तर?"

बरोबर मधोमध, दहाच्या काळ्या ठिपक्यावर एक फुलपाखरू!

पंचांनी हात हलवला, फू केलं, काही नाही. कागदापर्यंत जायचं तर सगळी रेंज थांबवावी लागणार आणि ते शेठना पटेना. "माझ्या एकट्यासाठी सगळ्यांना कशाला त्रास?" वेळ संपल्याची शिट्टी झाली. शिट्टी झाल्याबरोबर ते फुलपाखरू उडालं. मी त्याला जी शिवी दिली ती इथे लिहिता येणार नाही.

 परतताना पारोळ्याला गाडी चहाला थांबवली तेव्हा शेठ म्हणाले, "डॉक्टर, आता एकच वर्ष. नाही झालं तर नऊच्या नऊ विकून टाकणार. शांताला शब्द दिलाय."

शांताभाभी म्हणजे त्यांची बायको. पुढची सीट धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी कुठे मागितला शब्द?" पण शेठनी ऐकलं नाही. आणि गंमत वाटू नये, खरंच नाशिकचा एक माणूस येऊन पिस्तुलं बघूनही गेला. मला फार वाईट वाटलं.

*

म्हणून मी त्यात पडले. म्हटलं, "शेठ, परदेशी हात पुरे झाले. तुमची ग्रिप तुमच्याच हाताची करू. दातांचं माप घेतात तसं मी हाताचं घेते!"

क्लिनिकमध्ये दातांचं माप घ्यायचा मसाला बादलीभर कालवला. त्याला पुदिन्याचा वास असतो. शेठनी मुठीऐवजी एक लाकडी दांडा धरून त्यात हात बुडवला आणि इतका आवळला की दांडा मोडला! "शेठ, सैल धरा!" "सैलच धरलाय!" तीन दांडे मोडल्यावर साचा मिळाला, त्यात प्लॅस्टर ओतून शेठचा हात तयार झाला. सपकाळेसाहेबांना कळलं, तर तेही त्याच संध्याकाळी हजर. "मॅडम, आमचाही घ्या." बाहेर बाकावर एक आजी दाढ धरून बसल्या होत्या. आत डोकावल्या, बादलीत कोपरापर्यंत हात घातलेला फौजदार पाहिला आणि म्हणाल्या, "माझी दाढ राहू दे आता." गेल्या त्या गेल्याच!

दोन्ही हात खिडकीत वाळत ठेवले, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. सकाळी बघते तर पंख्याने दोन्ही चिठ्ठ्या जमिनीवर! मी जबडा पाहून माणूस सांगीन, पण हाताचं मला काय कळतंय? मोठा, लहान काही डोक्यात आलं नाही. वाळलेला हात सुजल्यासारखाच दिसतो. अंदाजाने चिठ्ठ्या लावल्या आणि दोन्ही हात सोनगीरला नाना मिस्तरींकडे पाठवून दिले. नाना म्हणजे लाकडातला राजा माणूस. अक्रोड त्यांना आवडत नाही, अंजनाचं लाकूड वापरतात. "दगडना बाप शे हाई लाकूड!" असं त्यांच्या अहिराणीत म्हणतात.

*

ग्रिपा आल्या, प्लॅस्टरचे हातही परत आले. शेठनी पिस्तुलाला लावून हातात धरलं आणि डोळेच मिटले. "डॉक्टर! पहिल्यांदा माझ्या हाताला श्वास घ्यायला जागा मिळाली! आपला हात तो आपला हात!"

सपकाळेसाहेबांचा चेहरा जरा लाल झाला होता. "थोडी घट्ट आहे," ते म्हणाले, "पण खात्यात सवय आहे आम्हाला."

मी आनंदाने चहा ओतला. साहेबांनी कप उचलला. त्यांची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकलेली, कबड्डीत मोडलेली. रोज बघायचे मी ती करंगळी. त्या दिवशी बघितली आणि हातातली किटली तशीच खाली ठेवली. धावत क्लिनिकमध्ये गेले. फळीवर दोन हात. ज्याच्यावर माझ्याच अक्षरात 'मोतीशेठ' लिहिलेलं, त्याची करंगळी वाकडी!

आता काय सांगणार? शेठ रोज दहा शॉटच्या सिरीजला शंभरपैकी नव्वदच्या वर मारायला लागलेले. मी तोंड शिवून बसले.

*

धुळ्याची स्पर्धा. गणपतीच्या बंदोबस्तामुळे साहेब येऊ शकले नाहीत. नाना मिस्तरी मात्र आपली ग्रिप बघायला सोनगीरहून मुद्दाम आले, थैलीत कानस घेऊन. देव पावला म्हणायचा, कारण तपासणीत पिस्तूल नियमाच्या मापाच्या पेटीत मावेना. ग्रिप सूतभर जास्त जाड! पंच म्हणाले, वीस मिनिटं देतो.

नाना पार्किंगमध्ये उकिडवे बसले, कानशीने घासायला लागले. "धरा, शेठ." शेठनी धरली. नानांनी ग्रिपकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, परत ग्रिपकडे पाहिलं. "शेठ, तुमना हात सुकाई गया का?"

 "पर्युषण झालं ना आत्ताच!" मी ओरडले. "आठ दिवस उपवास! हात सुकणार नाही तर काय?"

"पोट सुकस, डॉक्टरबाई," नाना म्हणाले. "हात सुकना हाई पहिलांदाच देखं."

मी त्यांच्या पायावर पाय दिला. नानांनी माझ्याकडे वर पाहिलं आणि पुन्हा कानस चालवली.

शेठ उभे राहिले. साठच्या साठ शॉट घेतले. लागत होते त्यापेक्षा सात पॉइंट जास्त! शेठनी पिस्तूल ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ढसाढसा रडले. मीही रडले. नाना सगळ्यांकडे बघत म्हणाले, "बठ्ठा रडी ऱ्हायनात, मंग जिंकनं कोन?"

*

नाशिकच्या माणसाला फोन करून पिस्तुलं विकायची नाहीत असं कळवलं गेलं. पुढच्या रविवारी चेंबरमध्ये सत्कार. कपाटातले कप बाहेर काढले, चहासाठी. शेठ उठून म्हणाले, "सत्कार माझा नको. या हाताचा करा!" आणि पिशवीतून काढून त्यांनी टेबलावर काय ठेवावं? माझ्या फळीवरचा प्लॅस्टरचा हात! सकाळीच माझ्या कंपाउंडरकडून मागून आणला होता.

टाळ्या. मला घाम. टेबलाच्या एका बाजूला तो हात, दुसऱ्या बाजूला सपकाळेसाहेब कप धरून उभे, करंगळी बाहेर.

शांताभाभी ओवाळायला पुढे आल्या. हळद लावली, कुंकू लावलं, मनगटावर चंदनाचा हार घातला. आणि थांबल्या. चाळीस वर्षांचा संसार आहे तो. त्यांनी प्लॅस्टरच्या हाताकडे पाहिलं. मग शेठच्या हाताकडे. मग सावकाश साहेबांच्या कपाकडे. शेवटी माझ्याकडे.

मी जमिनीकडे बघायला लागले.

भाभींनी हार मनगटावरून उचलला, पुढे सरकवला आणि बोटांवर नीट पसरला. करंगळी झाकली गेली. फोटोवाला म्हणाला, "भाभी, हार मागे होता तेच छान दिसत होतं."

"असू दे असाच," भाभी म्हणाल्या.

फोटो झाला. शेठ सगळ्यांना पेढे वाटत फिरत होते, समोर येईल त्याला आपला उजवा हात दाखवत होते. भाभी ताट घेऊन माझ्याजवळ आल्या, माझ्या हातात पेढा ठेवला आणि हाराखालच्या हाताकडे बघत, वाकून म्हणाल्या, "डॉक्टर, स्टेटला जायच्या आधी त्यांना अजून एक ग्रिप लागेल. माप याच हाताचं घ्या."